नलूमावशी, पडलेलं संत्रं आणि उंदराचा मेंदू

अन्याय नलूमावशीवर झाला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, शेंदूरजनाघाटजवळच्या एका संत्र्याच्या शेडमध्ये ती पडली. डोक्यातून रक्त आलं नाही, एवढ्या एका कारणावरून दिवेलागणीपर्यंत तिला कोणी जखमी मानलं नाही.

पाहिलंस मावशी? पहिल्या दोन ओळींत कोणावर, कधी, कुठे. एकही विशेषण नाही. तू लाल पेन घेऊन बसली असतीस तरी तुला खोडायला काही सापडलं नसतं. तू अमरावतीला अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायचीस, मी अकोल्याच्या बसस्टँडवर आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. महिन्या-दोन महिन्यांनी तुझ्याकडे आले की माझ्या पिशवीतला गठ्ठा तू न विचारता काढायचीस आणि चहा उतू जाईपर्यंत वाचायचीस.

"आल्या पत्रकवाल्या बाई," तू म्हणायचीस. "सगळं हाय व प्रज्ञा तुमच्या कागदावर. निषेध हाय, धिक्कार हाय. प्रश्न कुठी हाय?"

"प्रश्नच तर विचारतो आमी. जबाब द्या म्हणतो."

"तो प्रश्न नाही होय, तो धाक होय. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर तुले खरंच माहीत नाही तो."

मला राग यायचा. उत्तर माहीत नसेल तर पत्रक कशाला काढायचं, असं माझं म्हणणं. आज पहिल्यांदा असं काही लिहायला बसले आहे की ज्यातल्या निम्म्या गोष्टींचं उत्तर मला माहीत नाही, आणि ज्याला विचारावं ते माणूस तू होतीस.

मागच्या आंबिया बहारात, ऐन तोडणीच्या दिवसांत, आपण दोघी मामाच्या याच शेडवर गेलो होतो, ते आठवतं का तुला? सुधाकरमामा, तुझा आणि आईचा भाऊ, बागा घेतो, तोडणी करवतो, माल कॅरेटात भरून गाडी लावतो. माणसं हारीनं बसून संत्री निवडत होती. एकाच्या हातून एक फळ सुटलं, सिमेंटवर पडलं आणि तुझ्या चपलेपाशी येऊन थांबलं. तू उचललंस. चकचकीत, देठ शाबूत, कुठे ओरखडा नाही. तू ते कॅरेटात टाकायला गेलीस तर मामानं हात धरला.

"ते नाही जात तेच्यात, नले."

"काहून? चांगलं त हाय."

"पडलं ना. पडलं म्हणजे पडलं. त्याले पाहाचं नाही, बाजूले ठेवाचं."

शेडच्या कोपऱ्यात तशा पडलेल्या फळांचा ढीग होता. घरी खायला, रसवाल्याला द्यायला. कोणी ते दाबून बघत नव्हतं, वास घेत नव्हतं. जमिनीला लागलं हेच पुरेसं होतं. तू त्या ढिगातलं एक आणि कॅरेटातलं एक अशी दोन संत्री ओढणीत बांधून अमरावतीला आणलीस आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवलीस. पडलेल्यावर निळ्या पेनाचा ठिपका.

"हात लाव," म्हणालीस.

लावला. दोन्ही सारखी. सकाळी पुन्हा लावायला लावलास. सारखीच. मी अकोल्याला निघून गेले आणि पुढच्या खेपेला आले तेव्हा ठिपकेवालं खालच्या बाजूनं बोटाला मऊ लागत होतं. वरून रंग तसाच. तू ते चिरलंस. एका कडेच्या फोडी पाणी पाणी झाल्या होत्या, आणि त्यांना लागून असलेल्या, ज्या जमिनीला लागल्याही नसतील, त्याही जायला लागल्या होत्या.

"धक्का एकदाच बसला," तू म्हणालीस, "पण नासणं मंग सुरू झालं. आता सांग, हे संत्रं कोणं खराब केलं? जमिनीनं का मंगच्या दिवसांनं?"

"दोघांनं."

"बरोबर. जमिनीचं आता काही करता येत नाही. मंगच्या दिवसांचं करता येते काय?"

हा खरा प्रश्न होता. तुलाही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तर तुझे डोळे असे चमकत होते.

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं ते मला नंतर कळलं. तुझ्या अकरावीच्या वर्गातला तो पोरगा, कबड्डीत डोक्यावर आपटला, त्या संध्याकाळी घरी नीट जेवला, झोपला. काही दिवसांनी वर्गात परत आला तेव्हा तू फळ्यावर बेडूक काढलास आणि त्याला नाव विचारलंस. त्याला बेडूक माहीत होता. कुठे राहतो, कसा श्वास घेतो, सगळं सांगितलं त्यानं. शब्द तेवढा सापडेना. तू मला हे सांगताना हळहळली नाहीस. तू म्हणालीस, "तो शब्द कबड्डीच्या मैदानावर नाही गेला व. घरी झोपला होता तवा गेला. हळूहळू गेला. आपण सारे घरात होतो अन् तो जाऊन राहिला होता."

मग तू वाचायला लागलीस. मोबाइलवर, चष्मा कपाळावर चढवून, ओठ हलवत. आणि मी आले की मला शिकवायला लागलीस, जणू मी तुझी बॅकबेंचर विद्यार्थिनी. डोक्याला मार लागतो तेव्हा काही पेशी जागीच मरतात, त्यांना कोणी वाचवू शकत नाही. पण त्यांच्या भोवतीच्या पेशी जिवंत असतात आणि पुढचे तास, पुढचे दिवस संकटात असतात. मेलेल्या पेशींतून नको ते रसायन सांडतं आणि शेजारच्यांना जाळतं. सूज येते. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही, मग आतल्या आत दाब वाढतो. आणि काही पेशी तर स्वतःच ठरवतात की आता बंद पडायचं. हे तू सांगितलंस तेव्हा मी विचारलं, पेशी असं का ठरवत असेल? तू टाळी वाजवलीस. "असा प्रश्न," म्हणालीस.

जनुकोपचार हा शब्द मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, म्हणजे काय? तू उठलीस, गॅलरीतून रिकामं कॅरेट आणलंस, जे मामाकडून आणून तू त्यात कढीपत्ता लावायच्या बेतात होतीस.

"हा विषाणू. हा पेशीत घुसण्यात पटाईत हाय, तेवढंच त्याचं काम. आता यातला त्याचा माल आपण काढून टाकला." तू कॅरेट उलटं करून झटकलंस. त्यातून वाळलेलं पान पडलं. "रिकामं केलं. धुतलं. अन् आपला माल भरला. आपला माल म्हणजे एक जनुक. पेशीसाठी लिहिलेली रीत की बाई, हे असं असं प्रथिन बनव, म्हणजे तू तगशील. कॅरेट पेशीत जाते, माल उतरवते, अन् पेशी स्वतःच आपलं औषध बनवते. रोज सुई टोचाची गरज नाही."

"आणि हे झालंय?"

"उंदरात. डोक्याले मार बसलेल्या उंदरात. जगात ठिकठिकाणी करून राहिले. काही उंदरायच्या पेशी जास्त वाचल्या, काही उंदीर रस्ता विसरले नाहीत."

"उंदीर."

"हाव, उंदीर. तोंड काहून वाकडं करतं?"

आपलं भांडण तिथून सुरू झालं, मावशी. मी म्हटलं, तुझ्या उंदराला जनुक भेटून राहिलं आणि आमच्या माणसाला सीटी स्कॅन भेटत नाही. मशीन असेल तिथं चालवणारा नाही, चालवणारा असेल तिथं बघून सांगणारा नाही. आधी हे करा, मग तुमचे विषाणू आणा. मी हे उभी राहून म्हटलं. तू पोळीला तेल लावत होतीस.

"तुले दोन गोष्टी एकदम मागता येत नाही काय?"

"येत नाही. लोकांना एकच मागणी लक्षात राहते."

"लोकायले भोळे समजू नको. तुह्याच लोकायच्या बापदाद्यायनं विहीर बी मागतली अन् शाळा बी मागतली. विहीर झाल्यावर शाळा मागू असं कोणी म्हणलं नाही."

मी गप्प बसले नाही, मला येत नाही गप्प बसता. पण मला एक प्रश्न सुचला आणि तो मी तावातावात विचारला. तुझं हे कॅरेट पोचायला किती वेळ लागतो? पेशीनं रीत वाचायची, प्रथिन बनवायचं, ते पुरेसं साठायचं. किती वेळ?

तुझा हात थांबला. तू म्हणालीस, "तेच तर दुखणं हाय त्याचं. दिवस लागते. कधी आठवडे. अन् मार तासात काम करून जाते."

"मग संपलं की."

"संपलं कायले? आता त प्रश्न भेटला." आणि मग तू बोलतच सुटलीस. विषाणूपेक्षा वेगानं पोचणारं काही असेल का. मेंदूभोवती जो पहारा असतो, जो रक्तातून कोणाला आत येऊ देत नाही, तो मार लागल्यावर थोडा ढिला पडतो, त्या फटीतून काही नेता येईल का. ज्यांना पडण्याचा धोका रोजचाच आहे, त्यांच्यासाठी असं जनुक करता येईल का की जे आत झोपून राहील आणि धक्का बसला तरच जागं होईल. आणि धडधाकट माणसाच्या डोक्यात असं काही आधीच घालायचं, हे बरोबर आहे का, हेही तूच विचारलंस. तू स्वतःच्या बाजूनं आणि स्वतःच्या विरुद्ध, दोन्हीकडून बोलत होतीस. मी पोळ्या खात होते.

निघताना तू म्हणालीस, "दिवाळीले ये. वाद अर्धा राहिला."

दिवाळी आली नाही तुझ्यासाठी.

त्या दिवशी मी अकोल्यात होते. तू आदल्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होतीस आणि परतताना मामाकडे उतरली होतीस. पुढचं मला मामानं सांगितलं. माल भरलेल्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर तू चढलीस, कारण वरच्या थरातलं संत्रं तुला जवळून बघायचं होतं. त्यावर कसलीतरी बुरशी होती म्हणे, तू म्हणालीस नवी दिसून राहिली. पाय सटकला. पाठीवर पडलीस आणि डोक्याची मागची बाजू सिमेंटला लागली. लोक धावले. तू आपणहून उठून बसलीस. मामानं तुझ्या केसांतून हात फिरवून तळवा उन्हात धरून पाहिला. रक्त नव्हतं.

"मुका मार हाय," कोणी म्हणालं. आपल्याकडे मुका मार म्हणजे हळद, शेक आणि आराम. कोणी पाणी आणलं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मामानं विचारलं, "नले, बरं वाटते काय?"

आणि तू म्हणालीस, "हाव. काही नाही झालं मले."

तुला वाटेवरच्या एका दवाखान्यातही नेलं होतं मामानं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथं जे झालं ते कुठेही झालं असतं. त्यांनीही तुलाच विचारलं. चक्कर? नाही. उलटी? नाही. रक्त? नाही. दुखण्याची गोळी दिली आणि उद्या बरं नाही वाटलं तर अमरावतीला दाखवा म्हणाले. तू मामाच्या घरी येऊन आडवी झालीस. मामीनं डोक्याला आंबेहळद लावली. दिवे लागले तेव्हा चहासाठी हाक मारली तर तू उठली नाहीस.

मावशी, मला तुझ्यावर चीड होती. तुला अमरावतीला हलवलं त्या दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून मी तुझ्यावर चिडत होते. मामाला माहीत नव्हतं, मामीला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. बेडूक तुझ्या वर्गातला, संत्रं तुझ्या खिडकीतलं. अख्ख्या वऱ्हाडात त्या दुपारी, डोकं आपटलं की खरा धोका नंतर असतो हे ज्या माणसाला सगळ्यात नीट ठाऊक होतं, ते माणूस म्हणालं, काही नाही झालं मले. काहून म्हणालीस?

अमरावतीला तुझी कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. पण सूज उतरेना. शेवटच्या दोन दिवसांत मेंदूच्या डॉक्टर बाई बाहेर येऊन आमच्याशी बोलायच्या. थकलेल्या असायच्या, पण घाई करायच्या नाहीत. मी त्यांना तुझा प्रश्न विचारला. जनुकोपचाराचा. आई माझ्याकडे बघत राहिली, हिला आत्ता हे काय सुचतंय म्हणून.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे कुठून कळलं तुम्हाला?"

"आत आहेत ना, त्यांनी शिकवलं."

त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, माणसासाठी असा इलाज आज कोणाकडेच नाही, कुठल्याच मोठ्या शहरात नाही. कल्पना चांगली आहे, प्राण्यांत आशा दिसते, पण प्राण्यांत आशा दाखवून माणसात फसलेले उपाय या आजारात पुष्कळ झाले. उंदराला कधी आणि किती मार बसला ते आपल्याला माहीत असतं, कारण तो आपणच दिलेला असतो. माणूस आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याची वेळ निघून गेलेली असते. "उद्या तो इलाज आला तरी," त्या म्हणाल्या, "ज्याला मार लागलाय हेच कोणी मान्य करत नाही, त्याला तो देणार कोण?"

मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो मला आतून खात होता. तिला सगळं माहीत होतं, मग ती बरं वाटतंय असं का म्हणाली?

डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही ज्या अवयवाला विचारलं, मार त्यालाच लागला होता. डोकं आपटलेल्या माणसाची डोक्याबद्दलची साक्ष धरायची नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच बरं वाटत असेल."

तेवढ्यानं माझी चीड उतरली, मावशी. सगळी नाही, तुझ्यावरची. तू विसरली नव्हतीस. ज्या जागेत तुझी ती सगळी हुशारी राहत होती, त्या जागेतच पाणी शिरत होतं. तो क्षण कसा असेल, याचं मला सारखं कुतूहल वाटतं. तुला आतून काही कळलं असेल का? एखादा शब्द सापडत नाहीये, असं? की सगळं नेहमीसारखंच लख्ख होतं, आणि त्या लख्ख उजेडात तू मामाला म्हणालीस, काही नाही झालं? हे कळायला मला तुझ्याशीच बोलावं लागेल. तू टाळी वाजवली असतीस या प्रश्नावर.

आपल्या वादाचं मी काय करू? मी जिंकले असं म्हणायला जागा आहे. जनुकानं तू वाचली नसतीस, तासाभरात सीटी स्कॅन झाला असता आणि वेळेत रक्त काढलं असतं तर कदाचित वाचली असतीस. पण रक्त काढल्यावरही तू आत दिवसचे दिवस सुजत होतीस, पेशी पेशीला सोबत ओढत होती, आणि त्या दिवसांवर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. ते तुझं राज्य होतं, मंगच्या दिवसांचं. तिथं माझं पत्रक पोचत नाही. तिथं तुझा उंदीरच जाऊ शकतो. म्हणजे विहीर बी आणि शाळा बी. हे मी तुला दिवाळीत सांगितलं असतं, थोडं आढेवेढे घेऊन, आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करून अनारसे पुढे केले असतेस.

तू गेल्यानंतर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तुझं घर भरलं होतं. वंदना झाली, तुझे विद्यार्थी बोलले. तो बेडूकवाला पोरगाही आला होता. आता पुष्कळ बरा आहे, अडखळतो, पण बोलतो. माणसं पांगल्यावर मामा स्वयंपाकघरात येऊन तुझ्या खिडकीपाशी उभा राहिला. मी भांडी लावत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"फळ पडलं असतं त मी बाजूले ठेवलं असतं व प्रज्ञा. डोळे झाकून ठेवलं असतं. आमची नली पडली, अन् मी तिले विचारलं, बरं वाटते काय."

त्याचा दोष नाही, हे त्याला पटणार नव्हतं, आणि दोष त्याच्या एकट्याचा नाहीच. पण तो परत गेल्यावर शेडच्या दारावर, आत शिरणाऱ्याला दिसेल असं, कोळशानं लिहिलंय म्हणे: इथं कोणी पडलं तर थेट अमरावती. विचारायचं नाही.

मावशी, आता जरा गप्प बस आणि ऐक. शेवटची ओळ वाचणाऱ्यासाठी असते, हेही तुझंच.

तुम्ही जे हे वाचत आहात, तुम्हाला सांगते. तुमच्या घराजवळ डोक्याचा सीटी स्कॅन आत्ता, या घडीला, कुठे होतो आणि तो बघून सांगणारा कोण आहे, ते आजच माहीत करून घ्या, कोणी पडायच्या आधी. तालुक्यात नसेल तर का नाही, हे विचारायला आमच्याबरोबर उभे राहा. आणि मेंदूवरच्या संशोधनाला पैसा द्या, असंही त्याच दमात मागा. दोन्ही मागता येतात, मी शिकले. पण त्याआधी एक गोष्ट, जिच्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही: डोकं आपटलेलं माणूस हसलं, उठून बसलं, पाणी प्यालं, रक्ताचा टिपूस नसला, तरी त्याला बरं वाटतं का म्हणून विचारू नका. त्याला उचला आणि घेऊन जा. पडलेल्या संत्र्याला आपण विचारत नाही.